ऑइल वाढतंय म्हणून खूश होऊ नका

पत्र थोडक्यात: धडगाव तालुक्यातून एका दादांचं पत्र आलंय. नर्मदेच्या फुगवट्यात त्यांची प्रवासी बोट आहे. सरदार सरोवराचं पाणी चढलं की त्यांच्या बाजूच्या पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही, बाजाराची माणसं, किराणा, कधी पेशंट, सगळं बोटीतूनच. अकरा वर्षं टू-स्ट्रोक मशीन चालवलं, दिवाळीला कर्ज काढून २५ एचपीची नवी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायची मशीन, घेतली, कार्ब्युरेटरवाली. आतापर्यंत नव्वदेक तास चाललीय. डीलर म्हणतो मरीन ऑइलच टाका, ते ७५० रुपये लिटर आणि सुरतहून मागवावं लागतं. शहाद्याला त्यांच्या दाजींचं गॅरेज आहे, वीस वर्षांचा अनुभव, ते म्हणतात ऑइल म्हणजे ऑइल, आपल्याकडच्या उन्हात जाडच पाहिजे, बाइकचं २०डब्ल्यू-५० टाक, लिटरला ४०० रुपयांत काम होतं. २० तासांची पहिली सर्व्हिस दाजींनीच फुकट करून दिली, तेच ऑइल भरलं, आणि "आपल्याकडे याची गरज नाही" म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत थंड पाणी अडवणारी झडप, काढून ठेवला. दादा लिहितात, इंजिन एकदम मस्त आहे, जपून हळूहळूच चालवतो, ऑइल तर खातच नाही, उलट डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) वाढलेलं दिसतं. प्रश्न असा की कंपनीचं ऑइल खरंच लागतं का ही लूट आहे, आणि दाजींना नाही कसं म्हणायचं, बहिणीचं घर आहे.

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑइलचं उत्तर डोक्यात तयार होतं, दुसऱ्यांदा वाचताना त्या एका वाक्यावर थांबलो, "उलट डिपस्टिकवर वाढलेलं दिसतं." तुम्ही ते आनंदाने लिहिलंय आणि कोणीही लिहील, कारण आपण सगळे ऑइल खाणाऱ्या गाड्यांना वैतागलेलो असतो, न खाणारी मिळाली की नशीबच वाटतं. पण विचार करा ना, तुम्ही वरून ओतलं नाही, मग आलं कुठून? दुधात पाणी पडलं की माप वाढतं, दूध वाढत नाही. तुमच्या ऑइलमध्ये बहुतेक पेट्रोल उतरतंय. म्हणून ब्रँडचं नंतर बोलू, आधी हे.

आत्ताच्या आत्ता एक काम करा. सकाळी बोट बांधलेली असताना, रात्रभर मशीन थंड आणि सरळ उभं असताना, टिल्ट केलेलं नको, डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, परत घाला आणि काढा. रेघ वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर लिहून ठेवा. मग ते टोक नाकाजवळ न्या. साधं ऑइल असेल तर ऑइलचाच वास येईल, पेट्रोल उतरलं असेल तर पेट्रोल पंपावर उभं राहिल्यासारखं वाटेल. दोन बोटांत चोळून बघा, चांगलं ऑइल बोटं दूर नेताना जरा चिकटून तार धरतं, पेट्रोल मिसळलेलं पाण्यासारखं सुटतं. आणि जुन्या पेपरवर एक थेंब टाकून तासभर ठेवा, मधे काळा ठिपका राहून बाहेर लांबवर फिकट ओली कडी पसरली तर शंका पक्की समजा. हे करताना विडी-सिगारेट लांब ठेवा, एवढं सांगतोच. आणि ऑइल कॉफीत दूध टाकल्यासारखं पांढुरकं दिसलं तर मात्र ते पाणी आहे, मग मशीन चालू न करता मेकॅनिककडे न्या.

आता पेट्रोल खाली जातं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळेल.

गाडीचं इंजिन स्वतःचंच पाणी फिरवून गरम राहतं, तिचा थर्मोस्टॅट साधारण ८०-९० डिग्रीला उघडतो. आउटबोर्ड नदीचं ताजं पाणी ओढते आणि फेकते, तिचा थर्मोस्टॅट बहुतेक मॉडेलमध्ये ५०-६० डिग्रीलाच उघडतो. म्हणजे ही मशीन मुळातच थंड चालणारी. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट वाफ होत नाही, त्याचे बारीक थेंब भिंतीला लागतात आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑइलमध्ये जातात. थोडं तर सगळ्याच आउटबोर्डमध्ये जातं. मशीन चांगली तापली आणि वजन घेऊन पळाली की त्यातलं बरंचसं वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, निघून जातं, हिशोब बरोबर राहतो. पण थर्मोस्टॅटच नसला तर मशीन तापणारच कशी? अख्खी नर्मदा तिच्या अंगावरून वाहतेय. त्यात तुम्ही जपून, हळूहळू चालवताय. वरून रोज येतंय आणि बाहेर काहीच जात नाही, म्हणून रेघ चढतेय.

यात दाजींची चूक काढायला मी बसलेलो नाही. खान्देशात थर्मोस्टॅट काढणं ही फार जुनी रीत आहे. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, जुन्या जीपा, ट्रॅक्टर घाटात उकळायचे, थर्मोस्टॅट अडकला की इंजिन जायचं, म्हणून मिस्त्री लोक तो काढूनच टाकायचे आणि गाडी सुटायची. ज्याने वीस वर्षं हे केलं त्याचा हात नव्या मशीनवरही तिथेच जाणार. फक्त बोटीला तो हिशोब उलटा लागतो. बाहेर ४५ डिग्री ऊन असलं तरी तुमचं इंजिन नदीच्या पाण्याने थंड होतं, हवेने नाही.

उकाईच्या फुगवट्यावर, नवापूरच्या अंगाला, मी एका मासेमारीच्या बोटीवर हेच डोळ्याने बघितलंय. मशीन नवं होतं, मालक म्हणायचा लई चांगलं चालतं, एक थेंब ऑइल लागत नाही. आम्ही ड्रेनचा बोल्ट सोडला तर ऑइल धारेने न येता सांडल्यासारखं भसकन आलं, आणि मापाच्या डब्यात भरलेल्यापेक्षा पाव लिटर जास्त निघालं. वास असा की सगळे मागे सरकले. तिथेही थर्मोस्टॅट काढलेला होता. नवा बसवला, ऑइल बदललं, पुढच्या महिन्यात रेघ जागच्या जागी. त्या माणसाने तोपर्यंत तीन वेगवेगळ्या ब्रँडचं ऑइल बदलून बघितलं होतं, पैसे घातले ते वेगळेच.

तर आधी थर्मोस्टॅट परत बसवा. दाजींनी काढून ठेवलाय म्हणताय, फेकला नाही हे फार बरं झालं. बसवायच्या आधी तपासून घ्या, एका पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने थर्मोस्टॅट टांगा आणि चुलीवर ठेवा. थंड असताना तो पूर्ण बंद पाहिजे, फट दिसायला नको. पाणी तापत गेलं की उघडायला लागेल, बऱ्याच थर्मोस्टॅटवर किती डिग्रीला उघडणार ते कोरलेलं असतं. नाही उघडला किंवा थंडच उघडा दिसला तर नवा आणा, आणि बसवताना गॅस्केट नवीन टाका. मशीन गरम होईल अशी भीती वाटत असेल तर लक्ष पिचकारीकडे ठेवा, मागून पाण्याची धार जोरात येतेय ना ते रोज बघा. पावसाळ्यात नर्मदेचं पाणी गढूळ असतं, गाळ-रेती इम्पेलर (पाणी ओढणारा पंखा) खाते, गरम होण्याचं कारण जास्त वेळा तिथे सापडतं.

थर्मोस्टॅट बसवूनही रेघ चढत राहिली तर मग पेट्रोल पंपाचा पडदा बघायचा. तुमच्या मशीनसारख्या कार्ब्युरेटरवाल्या मशीनला इंजिनवरच छोटा मेकॅनिकल पंप असतो, त्याचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं. चोक पूर्ण मागे जातोय ना, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत नाहीये ना, हेही. ही सगळी कामं दाजींच्या हातची आहेत.

आणि ते जपून चालवणं. दादा, कर्जाचं मशीन आहे, काळजी वाटते, मला समजतं. पण फोर-स्ट्रोकला सतत हळू चालवणं म्हणजे जपणं नव्हे. नव्या मशीनच्या रिंगा सिलिंडरला घासून बसायला थोडा जोर लागतो. पहिले १० तास मॅन्युअलमध्ये वेग कमीजास्त करत चालवायला सांगतात ते याच्यासाठीच, एकदम फुल नाही आणि एकाच मंद वेगातही नाही. तुमचे ते दिवस गेले, हरकत नाही, आता रोजच्या एका फेरीत तरी मोकळ्या पाण्यात, माणसं बसलेली असताना, दहा-पंधरा मिनिटं चांगल्या वेगात घ्या, पाऊण थ्रॉटल म्हणा. काठाला माणसांची वाट बघत अर्धा-अर्धा तास न्यूट्रलला भुरभुर चालू ठेवू नका, बंद करा. टू-स्ट्रोकला परत चालू करायला त्रास व्हायचा म्हणून ती सवय सगळ्यांना लागलीय, या मशीनला तिची गरज नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, ऑइल कोणतं.

कंपनीचंच पाहिजे असं नाही. पण "ऑइल म्हणजे ऑइल" हेही बरोबर नाही. तुम्ही डब्यावर ब्रँड शोधू नका, दोन गोष्टी शोधा, एक ग्रेड, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ ते, आणि दुसरा मार्क. ग्रेड तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो, या साइजच्या मशीनला बहुतेक ठिकाणी १०डब्ल्यू-३०, काही कंपन्या १०डब्ल्यू-४० सांगतात. मार्क म्हणजे एफसी-डब्ल्यू. अमेरिकेतल्या बोटी-इंजिन बनवणाऱ्यांच्या संघटनेने, एनएमएमएने, २००४ च्या सुमारास हा सुरू केला, पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक मशीनसाठी. यात ऑइल गंज किती अडवतं, चालून चालून पातळ होतं का, फेस किती येतो, थोडं पाणी मिसळलं तर फिल्टर चोंदतो का, हे तपासलेलं असतं. म्हणजे बोटीत जे जे होतं तेच. गाडी हायवेला दोन-अडीच हजार आरपीएमला निवांत पळते, आउटबोर्ड भरलेली बोट ओढत पाच-साडेपाच हजारला तासभर ओरडत असते, आणि मग चार दिवस ओल्या हवेत नुसती उभी. दोघींचं काम एक नाही तर ऑइल तरी एक कसं असेल. एफसी-डब्ल्यू मार्क असलेलं दुसऱ्या कंपनीचं ऑइल स्वस्त मिळालं तर बिनधास्त घ्या, वॉरंटी चालू असेल तर बिल फक्त जपून ठेवा.

इथे एक मोठा घोटाळा होतो तो आधीच सांगतो. दुकानात जाऊन "बोटीचं ऑइल द्या" म्हणालात तर समोरचा बऱ्याचदा टीसी-डब्ल्यू३ चा डबा देतो. ते टू-स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये मिसळून जाळायचं ऑइल आहे. डब्यावर बोटीचंच चित्र असतं, नावही सारखंच वाटतं. ते फोर-स्ट्रोकच्या पोटात कधीच ओतायचं नाही. आणि अकरा वर्षांच्या सवयीने "थोडं राहू दे" म्हणून पेट्रोलमध्येही नाही, त्याने प्लग आणि व्हॉल्व्हवर कार्बन बसतो, बाकी फायदा काही नाही. बोटीवर पोरगा ठेवला असेल तर त्याला हे आठवणीने सांगा, बहुतेक वेळा मिक्स तोच करतो.

जाड ऑइलचं म्हणाल तर २०डब्ल्यू-५० बाइकमध्ये शोभतं, कारण जुनी बाइक हवेवर थंड होते, फार तापते, आणि तापून ऑइल पातळ होतं. तुमची मशीन ५०-६० डिग्रीवाली. त्यात ते बाइकइतकं तापून पातळ होत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात पहाटे जी थंडी पडते त्यात पहिल्या स्टार्टला वरच्या भागापर्यंत पोचायला उशीर लागतो, आणि घासलं जातं ते त्याच काही सेकंदांत. आकड्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ते किती वाहतं त्याचं माप, आणि एफसी-डब्ल्यूमधला डब्ल्यू म्हणजे वॉटर, या दोन डब्ल्यूंची गल्लत नको. दुसरं, बाइकच्या ऑइलवर जासो एमए हा जपानी मार्क लिहिलेला असतो, तो क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो म्हणून. तुमच्याकडे तसा क्लच नाही, त्याने बिघडत काही नाही पण त्याचे पैसे देऊन उपयोगही नाही. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० डिझेल ऑइल लोक टाकतात, डबा घरात पडलेला असतो म्हणून, मी म्हणेन नको.

मरीन ऑइल संपलं, सुरतहून यायला आठ दिवस आहेत, आणि उद्या बोट काढायचीच आहे, मग काय? तेव्हा शहाद्याला किंवा नंदुरबारला कारचं पेट्रोल इंजिनचं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० घ्या, तुमच्या मॅन्युअलमध्ये एपीआयचा, म्हणजे ऑइलच्या दर्जाचा, जो वर्ग दिलाय, एसजे, एसएल असं काही, तो किंवा त्याच्या पुढचा बघून. कंपन्या स्वतःच मॅन्युअलमध्ये हे चालतं म्हणून लिहितात. मायलेजसाठी बनवलेलं ०डब्ल्यू-२० सारखं पातळ मात्र नको. ते भरा, बोट चालवा, मरीन आलं की पुढच्या बदलाला ते. पेशंट काठावर बसलेला असताना ब्रँडसाठी बोट बांधून ठेवायची नसते.

पैशाचा हिशोब मी मांडून बघितला. तुमच्या मशीनला पावणेदोन लिटरच्या आसपास ऑइल लागत असेल (मॅन्युअलमधलं माप तेच खरं). लिटरमागे ३५० चा फरक, म्हणजे एका बदलाला सहाशेच्या थोडं वर. बदल १०० तासांनी, म्हणजे तासाला सहा रुपये. त्याच तासात चार-पाच लिटर पेट्रोल जळतं, शंभराच्या वरचा भाव धरला तर चारशे-पाचशे रुपये. सहा रुपये कमी नाहीत, मी तसं म्हणणार नाही, कर्जाचा हप्ता आहे. पण दोन बोटमालक मिळून एकदम चार-पाच लिटरचे डबे मागवले तर सुरतचा वाहतूक खर्च अर्धा होतो आणि घरात एक डबा कायम राहतो. सील फुटलेलं, झाकणाची रिंग सैल असलेलं घेऊ नका, आणि रिकामा डबा द्यायच्या आधी भोक पाडून द्या, त्यातच नकली भरून परत येतं.

शंभर तासांचं मात्र काटेकोर पाळा. महाग ऑइल दोनशे तास चालवण्यापेक्षा साधं पण बरोबर ग्रेडचं ऑइल वेळेवर बदललेलं मला शंभरदा चालेल. आणि तुमचं आत्ताचं, पेट्रोल मिसळलेलं, ते तर शंभरचीही वाट न बघता या आठवड्यातच काढा. मीटर नसेल तर वहीत रोजचं पेट्रोल लिहा, त्यावरून तास निघतात. बदलताना मशीन दहा मिनिटं पाण्यात चालवून कोमट करा, मग बंद करून सरळ उभी करा, बोल्ट सोडा. ऑइल पायावरून ओघळतं आणि सगळीकडे सांडतं, त्यासाठी थंड पेयाची दोन लिटरची बाटली उभी चिरा, तिची पन्हाळ करून बोल्टखाली धरा, सगळं डब्यात जातं. भरताना मापापेक्षा जरा कमी भरा, थांबा, डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं. जास्त भरू नका, फेस होतो. खालच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, ते त्याच वेळी बघा, दुधाळ दिसलं तर सील किंवा बोल्टचा वायसर गेलाय.

आणि दादा, काढलेलं काळं ऑइल नदीत नाही. काठावरच्या दगडावरही नाही, पहिल्या पावसात ते खालीच येतं. तुमच्याच पाड्यातल्या बाया तिथून हंडे भरतात. डब्यात भरून शहाद्याला दाजींकडे द्या, गॅरेजला काळ्या ऑइलचं पिंप असतंच, ते उचलणारा येतो.

राहिले दाजी. मला वाटतं तुम्ही त्यांना प्रश्नच चुकीचा विचारलात. "कोणतं ऑइल टाकू" विचारलं की प्रत्येक मिस्त्री स्वतःच्या दुकानात जे चालतं ते सांगतो, मीही सांगेन. त्यांना नाही म्हणायचीच गरज नाही. डिपस्टिक पुसलेलं फडकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, पेपरवरचा तो डाग घ्या, बरोबर मॅन्युअल घ्या, आणि बहिणीकडे जाल तेव्हा चहा झाल्यावर म्हणा, "दाजी, जरा हे हुंगून बघा, मला काही कळत नाहीये." बास, तेवढंच. वीस वर्षं इंजिनात हात घातलेल्या माणसाला पेट्रोलचा वास ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही, थर्मोस्टॅटची आठवण त्यांना स्वतःलाच होईल. मग पातेल्यात पाणी तापवायला तेच बसतील. आणि या वेळी कामाचे पैसे द्या, नाही घेतले तर भाच्यांच्या हातात ठेवा, फुकटच्या कामात आपल्यालाच प्रश्न विचारायचा संकोच होतो, तुमचं आत्ता तेच झालंय.

नवं ऑइल भरल्यावर रेघ कुठे होती आणि पुढच्या दहा तासांनी कुठे आली, एवढं मला लिहून कळवा. चढलेली असली तर पंपाचा पडदा कसा बघायचा ते सविस्तर लिहितो.